भोंगेवाल्याची साक्ष

शहाद्याच्या मेन रोडला माझं भोंग्याचं दुकान.
लग्न, दहावं, निवडणूक, भाडं एकच,
बॅटरीचे पैसे वेगळे.
हुरज्याकडून मी कधी भाडं घेतलं नाही.
म्हणजे पहिल्या सभेचं घेतलं. अकरा रुपये.
अजून सलतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

नऊ वर्षांचा असताना बाप त्याला
गोमाईकाठच्या एका मळ्यात सोडून गेला,
थोरल्याच्या देजाच्या दोनशे रुपयांबदली.
दर आखाजीला हिशोब.
गावच्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या
आणि हा ओट्याखाली उभा, अंगठा शाईत.
एक धोतर, एक नारळ,
कर्ज मागल्या सालापेक्षा थोडं थोरलं.
अक्षय्य तृतीयेला केलेलं कधी सरत नाही म्हणतात.
त्या शब्दाला मालकाच्या वहीइतकं
कुणी जागलं नसेल.

तेवीस आखाज्या.

एवढा आवाज कुठून आणलास, मी विचारलं होतं.
म्हणाला, माळ्यावरून.
ज्वारी निसवली की दिवसभर गोफण घेऊन उभं राहायचं.
मालकाच्या रानात मोठ्यानं ओरडायची मुभा
फक्त पोपटांवर होती.

सुटला कसा, याच्या दोन-तीन गोष्टी आहेत.
कुणी म्हणतं तहसीलचा कागद आला,
कुणी म्हणतं बायको खेतियाला निघून गेली, तिच्यामागं गेला.
तो स्वतः बैलाची सांगायचा:
खळ्यात मुसकं बांधताना बैलानं मान फिरवली.
पुन्हा बांधलं, पुन्हा फिरवली.
"मी तेवीस वरीसमा एकदाबी नई फिराई."
मुसकं तिथंच टाकलं आणि चालू लागला.
लोक हसायचे. मग हसू कुठंतरी अडकायचं.

पहिली सभा म्हसावदच्या बाजारात, बैलगाडीवर.
माईककडे असा बघत राहिला
की आत विंचू बसलाय.
बोल, मी म्हटलं, चावत नाही.
त्यानं अंगठा वर केला.
"हाऊ अंगठा कोना शे?"
एवढंच.
मिरच्यांच्या ढिगामागं, बोंबलांच्या टोपल्यांमागं
माणसं आपापले अंगठे उलटसुलट करून बघू लागली.
तेवढ्यात भोंग्यात शिट्टी वाजली.
ती माझी चूक.

मग तळोदा, धडगाव, अक्राणीचे घाट,
सायकलला बॅटरी बांधून त्याच्यामागं मी.
आखाजीच्या आदल्या रात्री पाड्यापाड्यावर एकच निरोप:
उद्या अंगठा घरी ठेवून जा.
एकदा डोकं फोडलं. सात टाके.
आठव्या दिवशी गाडीवर उभा, पट्टीवर टोपी.
किती सुटले, मी मोजायला बसलो तर म्हणाला,
"मोजानं काम सावकारनं."

देव नव्हता तो.
जेरमी शाळेतून पळाली तेव्हा तिला मारलं,
मग रात्रभर ओट्यावर हाताकडे बघत बसला.
हा त्याचाच हात रे, म्हणाला. मालकाचा.
त्याच जेरमीनं त्याला सही शिकवली, चाळिशीनंतर.
उसाच्या कांड्या टाकाव्यात तशी तुटक अक्षरं,
पण कुठंही करायचा. एसटीच्या तिकिटावरसुद्धा.

गेल्या साली रेशनच्या दुकानात
यंत्रानं त्याचा अंगठा ओळखला नाही.
रेषाच उरल्या नव्हत्या. विळा, दोर, ऊस.
पुन्हा ठेवा बाबा, पोरगा म्हणाला. पुन्हा. पुसून ठेवा.
सही करतो, हुरज्या म्हणाला.
सही चालत नाही बाबा, अंगठाच लागतो.

रांगेत मी चौथा होतो.
वाटलं, आता हसेल. वाटलं, आता सभा होईल.
त्यानं पिशवीची घडी केली, काखेत धरली.
माझ्यातले तांदूळ देऊ केले, घेतले नाहीत.
रस्त्यापर्यंत गेला, परत आला.
घसा आताशा बसलेला असतो, मला वाकावं लागलं.

"भोंगा चालू शे का तुना?"
म्हटलं, आहे. बॅटरी उतरलीय.
"भरी ठेव."